कॉटन ग्रीन हे कुणा साहेबाचं नाव नाही

शिवडी सुटलं की लोकलमधली बाई सांगते, "पुढील स्टेशन, कॉटन ग्रीन." मग तेच हिंदीत, मग इंग्रजीत. तिन्ही भाषांत नाव एकच, आणि बहुधा म्हणूनच ते कुणाच्या कानात शिरत नाही. हार्बर लाईनवर मी बावीस वर्षं ये-जा करतोय. या नावात कापूस आहे हे मला कधी सुचलं नव्हतं. ते दाखवून दिलं बायकोच्या मामांनी.

मामा यवतमाळ जिल्ह्यातले, कोरडवाहू शेतकरी. दरवर्षी निम्म्या रानात पऱ्हाटी, म्हणजे कापूस. परळच्या रुग्णालयात तपासणीसाठी आले होते. ती उरकून आम्ही शिवडीहून सीएसएमटीकडे निघालो होतो. बाईंनी घोषणा केली आणि मामांनी मान वर केली.

"कॉटन म्हंजे कापूसच नं, जावईबापू?"

"हो."

"मंग इथं काऊन?"

मला उत्तर देता येईना. मामांच्या रात्रीच्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही उतरलो.

दुपारी तीनचं कॉटन ग्रीन म्हणजे मुंबईत आहोत यावर विश्वास बसू नये अशी जागा. बाकड्यावर चप्पल उशाला घेऊन झोपलेला एक माणूस, सावलीत दोन कुत्री, पासधारक दोन-तीन बायका. गाडी गेली की रुळांचा आवाजही विरून जातो. पश्चिमेला उतरलं की अभ्युदय नगर, काळाचौकी, पुढे लालबाग. गणपतीत हार्बरवाले लालबागला जायला इथंच उतरतात, ते दहा दिवस काय ते स्टेशन जागं. पूर्वेला उतरलं की मात्र वस्ती संपते. रुंद रस्ते, उभे ट्रक, गोदामांच्या रांगा. आणि त्यांच्यात, पाहणाऱ्याला अजिबात अपेक्षा नसताना, एक अवाढव्य जुनी इमारत: कॉटन एक्स्चेंज. कापसाच्या व्यापाऱ्यांची १९२१ साली ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशन म्हणून स्थापन झालेली संस्था आज कॉटन असोसिएशन ऑफ इंडिया या नावाने चालते आणि तिचा पत्ता अजूनही हाच आहे, मुंबई ४०० ०३३. रुईचे रोजचे भाव ही संस्था जाहीर करते. हे मी मामांना सांगितलं तर ते इमारतीकडे बघतच राहिले. म्हणाले, "म्हंजे आमचा भाव इथून निंगते!" भाव असा एका इमारतीतून निघत नाही, तो जगाच्या बाजारात ठरतो, हे मी सांगायच्या फंदात पडलो नाही. त्यांच्या म्हणण्यात जे खरं होतं ते माझ्या दुरुस्तीपेक्षा जास्त होतं.

या स्टेशनाचा प्रश्न आता सार्वजनिक झाला आहे. २०२४ च्या जुलैमध्ये राज्याच्या विधिमंडळाने मुंबईतल्या सात उपनगरी स्थानकांची नावं बदलण्याचा ठराव केला. करी रोडचं लालबाग, सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, चर्नी रोडचं गिरगाव, डॉकयार्ड रोडचं माझगाव, किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ, आणि कॉटन ग्रीनचं काळाचौकी. कारण एकच सांगितलं गेलं: ही नावं वसाहतीच्या काळाची खूण आहेत, ती पुसायची.

मला हे कारण तत्त्वतः मान्य आहे. लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० मुंबईचे गव्हर्नर होते. प्लेगच्या काळातला त्यांचा कारभार कसा होता हे मराठी माणसाला सांगायची गरज नाही. त्यांच्या नावाच्या जागी डोंगरी आलं तर माझ्या डोळ्यांत पाणी येणार नाही. डोंगरी हे नाव त्यांच्या कितीतरी आधीचं. करी हे एका रेल्वे कंपनीचे एजंट. त्यांच्यापेक्षा लालबाग हजारपट मोठं. इथवर वाद नाही.

पण ती यादी पुन्हा एकदा वाचा. सातांतले साहेब आहेत किती? करी, सँडहर्स्ट आणि किंग्ज सर्कलमधला राजा, एवढेच. मरीन लाइन्स ही आरमारी पलटणीच्या बराकींची खूण. डॉकयार्ड म्हणजे गोदी, जिथे माझगावच्या कित्येक पिढ्यांनी जहाजं बांधली आणि दुरुस्त केली. चर्नी रोडमध्ये तर इंग्रजी शब्द आहे तो फक्त रोड. इंग्रजांनी मैदानावर गुरं चारायला फी लावली तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ साली २०,००० रुपये घालून ठाकुरद्वारजवळ कुरण विकत घेतलं, लोकांच्या गुरांना फुकट चरता यावं म्हणून. त्या चरणीवरून चर्नी, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. गोऱ्या सरकारच्या कराला दिलेलं उत्तर ज्या नावात आहे ते नाव गुलामीची खूण म्हणून यादीत, आणि सर रॉबर्ट ग्रँट हे अस्सल गव्हर्नर पुढच्याच स्टेशनावर शाबूत! यादी करणाऱ्यांनी नावं वाचली, त्यांचे अर्थ वाचले नाहीत. कानाला इंग्रजी वाटलं की टाक यादीत, असा तो हिशेब दिसतो.

आणि कॉटन ग्रीन. या नावाची गोष्ट तर मुंबईपेक्षाही महाराष्ट्राची जास्त आहे.

आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथे पूर्वी फोर्टातलं मोकळं हिरवं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. जहाजावर चढण्याआधी कापूस तिथे येऊन पडायचा. उघड्यावर गाठींचे ढीग, तिथेच नमुने काढून भाव ठरायचे, वाऱ्याने रुई सगळीकडे उडायची, आगीची भीती वेगळीच. शेवटी १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. बाजार हलला आणि 'ग्रीन' हा शब्दही त्याच्याबरोबर गेला. तोवर ग्रीनचा अर्थ हिरवळ राहिला नव्हता, कापूस जिथे येऊन पडतो ती जागा असा झाला होता. पुढे बंदराचा कारभार पाहणाऱ्या पोर्ट ट्रस्टने माझगाव ते शिवडी समुद्र हटवून पाचशे एकरांहून जास्त जमीन तयार केली आणि १९२० च्या दशकात कुलाब्याचा बाजार उचलून या नव्या भरावावर आणला. शब्द पुन्हा गाडीत बसून आला. म्हणजे फोर्ट, कुलाबा, शिवडी असा ऐंशी वर्षांचा प्रवास करून जे नाव रुळांच्या कडेला येऊन थांबलं, ते कुणी साहेबाच्या सन्मानासाठी दिलेलं नाही. बाजाराने ते आपल्या पाठीवर वाहून आणलं.

त्या बाजारात येणारा कापूस कुठला? वऱ्हाड, खानदेश, मराठवाड्याच्या सीमेवरचा, गुजरातचा. रेल्वेआधी तो बैलांच्या पाठीवर घाट उतरायचा. पावसात भिजायचा, धुळीने माखायचा, वाटेतच अर्धा बाद व्हायचा. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईत ८ कोटी पौंडांच्या घरात पैसा ओतला गेला. युद्ध संपलं आणि १८६५ मध्ये फुगा फुटला. याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे दोन्ही घाट चढली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावची शाखा उघडली ती केवळ कापसासाठी. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळला ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची शकुंतला आली, तीही कापसासाठी. मामा लहानपणी तिच्यात बसलेले. "पायी चालणाऱ्यानं तिच्यातून उतरून पानी पिऊन परत चढावं, अशी चाल," ते सांगत होते. म्हणजे यवतमाळच्या रानातून निघालेली सरकीसकट बोंडं जिनमध्ये रुई व्हायची, प्रेसमध्ये गाठ व्हायची, शकुंतलेतून मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीने घाट उतरून थेट या गोदामांच्या दारात. पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ मध्ये सुरू झाली होती, मालगाडीच्या वाघिणी तिच्यावरून पुढे जायच्या. मामांच्या प्रश्नाचं उत्तर हे. "इथं काऊन?" तर यवतमाळच्या रुळांचं दुसरं टोक इथं होतं म्हणून.

आणि गाठ काही आपल्या पायांनी चालत नाही. आजची गाठ १७० किलोची. इंग्रजांच्या वेळची ३९२ पौंड, म्हणजे १७८ किलोच्या आसपास. लोखंडी आकडा घालून ती अंगावर घ्यायची, पाठीवरून फळीवर, फळीवरून थप्पीवर. सातारा, पुणे, अहमदनगरच्या डोंगरपट्ट्यातून आलेल्या माणसांनी मुंबईच्या बंदरात आणि बाजारांत हे काम केलं. कायद्याचं संरक्षण त्यांना मिळालं १९६९ मध्ये, माथाडी कायद्याने, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. पश्चिमेला काळाचौकी-लालबागमध्ये तोच कापूस सूत आणि कापड व्हायचा. एका बाजूला गाठी उतरवणारे, दुसऱ्या बाजूला साचे चालवणारे, मधून हार्बर लाईन. कॉटन ग्रीन हे नाव या दोघांचं आहे. साहेबाच्या भाषेत असलं तरी.

स्टेशनाचा आणखी एक मान कुणी सांगत नाही. हार्बर शाखेचा कुर्ला ते रे रोड हा तुकडा १२ डिसेंबर १९१० ला सुरू झाला, आणि ३ फेब्रुवारी १९२५ ला भारतातली पहिली विजेची गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने. देशातली पहिली विजेची रेल्वे या फलाटांवरून गेली. ज्या १५०० व्होल्ट डीसी विजेवर ती धावली, तो डीसी हार्बरवरून हटला थेट २०१६ च्या एप्रिलमध्ये.

मग हे सगळं निवळलं कसं? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांना परतायला गिरणी उरली नाही. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावाशेवा बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले. कापूसही आता जिनमधून ट्रकने परस्पर गिरणीला जातो, मग ती गिरणी गुजरातेत असो की तमिळनाडूत. मुंबईत येऊन पडण्याचं त्याला कारणच नाही. गोदामांत काही ठिकाणी दुसरा माल आहे, काही बंद आहेत. स्टेशनाची शांतता ही अशी, कुणी न मागता मिळालेली. लोक मला म्हणतात, तुमचं हार्बरचं ते कॉटन ग्रीन किती निवांत. कारखाना बंद पडला की भोंगाही बंद होतो, तसली निवांत.

आता उलट बाजू. काळाचौकीत माझा एक जुना दोस्त राहतो, आजोबांपासून तिथलाच. त्याच्यासमोर मी हे सगळं मांडलं तर तो चिडला. "आम्ही चार पिढ्या इथं काढल्या. टॅक्सीवाल्याला काळाचौकी सांगतो, लग्नपत्रिकेवर काळाचौकी छापतो. स्टेशनावर आमचं नाव लागायला आणखी किती वर्षं थांबायचं? तुझ्या कापसाने इथं कुणाचं पोट भरतंय आज?" हा युक्तिवाद मला सगळ्यांत वजनदार वाटतो, गुलामीच्या खुणांपेक्षा कितीतरी. राहणाऱ्यांचा हक्क खरा आहे. काळाचौकी हे नाव कुणा पुढाऱ्याचं नाही, वस्तीचं आहे, आणि त्या वस्तीनेच मुंबईला कपडा घातला. लालबाग, डोंगरी, गिरगाव, माझगाव या नावांबद्दलही हेच. त्यामुळे ठरावातल्या नव्या नावांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते जुन्या नावांना सरसकट एकाच पिशवीत कोंबण्याशी.

नाव बदलायची रीत तशी ठरलेली आहे. राज्याचा ठराव, रेल्वे, टपाल, सर्व्हे ऑफ इंडिया वगैरेंचे होकार, मग केंद्रीय गृह खात्याची संमती, शेवटी अधिसूचना. गृह खात्याच्या १९५३ च्या मार्गदर्शक सूचना तर स्पष्ट म्हणतात की इतिहासाशी जोडलेली नावं शक्यतो बदलू नयेत आणि निव्वळ स्थानिक अभिमान किंवा भाषेच्या कारणावरून बदल करू नये. स्वातंत्र्यानंतर सहा वर्षांत, इंग्रज जाऊन शाई वाळली नव्हती तेव्हा, हे लिहिणारे लोक काही इंग्रजांचे भक्त नव्हते. त्याच पिढीने एल्फिन्स्टन सर्कलचं नाव बदललं आणि जागी कुणाला आणलं? बेंजामिन हॉर्निमन यांना. तेही इंग्रजच. पण बॉम्बे क्रॉनिकलचे संपादक, हिंदी लोकांची बाजू घेतली म्हणून १९१९ मध्ये सरकारने ज्यांना देशाबाहेर घालवलं ते. कानाला नाव इंग्रजी वाटतं एवढ्यावर ते लोक अडले नाहीत, माणसाने काय केलं ते त्यांनी पाहिलं. कापसाचा बाजार ज्या मैदानात जन्मला त्याच मैदानाच्या नावाची ही गोष्ट आहे, हे विशेष.

नाव बदलून काय साधतं याचा एक पडताळा आपल्याकडे आहे. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी करावं हे विधिमंडळात ठरलं होतं, नाव मिळायचं बाकी होतं, आणि २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तिथल्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या उभ्या राहिल्या होत्या, गर्दी कैक पट वाढली होती, पूल जुनाच होता. २०१८ च्या जुलैत पाटी बदलली. नावाचा आणि पुलाचा संबंध नाही, असं कुणी म्हणेल. मी म्हणतो, प्राधान्याचा संबंध आहे.

तरी हेही खरं की नुसतं नाव टिकवूनही काही वाचत नाही. फिनिक्स मिलचं नाव लोअर परळच्या मॉलला आहे, कमला मिलचं नाव हॉटेलं आणि कचेऱ्यांना. तिथे जाणाऱ्या पोरांना विचारा, मिल म्हणजे काय. पूर्व किनाऱ्यावरच्या बंदराच्या जमिनीचा विकास आज ना उद्या होणारच. शेजारच्या स्टेशनावरून, शिवडीहून, जानेवारी २०२४ पासून अटल सेतू सुरू झाला आहे, जमिनीचे भाव कुठे जातील ते सांगायला ज्योतिषी नको. माझी पैज आहे: सरकार स्टेशनावरून कॉटन ग्रीन काढेल आणि दहा वर्षांत एखादा बिल्डर चाळीस मजल्यांच्या टॉवरवर तेच नाव सोनेरी अक्षरांत लावेल. त्यांना ते नाव विकत घेण्याजोगं वाटेल. आपल्याला ते फुकट असून जड झालंय.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सातांच्या यादीतून कॉटन ग्रीन वगळा. इंग्रजी शब्दच खुपत असेल तर मराठीत आणा, कापूसबाजार म्हणा, मी टाळ्या वाजवीन. काळाचौकीकरांचा हक्क नाकारता येत नाही असं ठरलं तर तेही मानू, पण मग कापूस कुठे तरी लिहिलेला राहिला पाहिजे. भायखळा स्थानकाचा सुंदर जीर्णोद्धार झाला, त्याला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला, अभिमानाचीच गोष्ट. पण वारसा म्हणजे फक्त देखणी कमान असं आपण धरून चाललो आहोत. कॉटन ग्रीनला कमान नाही. तिथे फलाटावर एक पाटीही नाही की बाबांनो, इथं काय होतं.

ती पाटी मी लिहून ठेवली आहे. सहा ओळींची, तिकीट खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर मावेल एवढी. फोर्टातून कुलाबा, कुलाब्याहून इथं, वऱ्हाड-खानदेशच्या गाठी, उतरवणारे माथाडी, विणणाऱ्या गिरण्या, १९२५ ची पहिली विजेची गाडी. मसुदा व्हॉट्सॲपवर मामांना पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. बाकी सगळं बेस आहे म्हणाले, फक्त एक राहिलं.

"गाठीचं वजन टाका त्याच्यात. वाचणाऱ्याले समजू द्या किती उचललं ते."

१७८ किलो. सातवी ओळ वाढवली आहे.